शांत आणि सुखद प्रवासासाठी टायरांची डोळस निवड

मोटार विकत घेताना आपण जितका विचार करतो, तितका तिचे टायर बदलताना क्वचितच करतो. मोटारीच्या खरेदीपूर्वी माहितीपत्रके चाळली जातात, चार विक्रेत्यांकडे चौकशी होते, कर्जाचा हप्ता कितपत झेपेल याचा हिशेब मांडला जातो. परंतु काही वर्षांनी टायर झिजले, की दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत निर्णय होतो आणि तो बहुधा दुकानदाराच्या गोदामात त्या दिवशी काय शिल्लक आहे यावर ठरतो. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, ऑडी किंवा जग्वार यांसारख्या आलिशान आणि वेगवान मोटारींच्या बाबतीत ही घाई महागात पडते. लाखो रुपये मोजून घेतलेली शांतता चुकीच्या टायरमुळे हरवते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, भर पावसात ब्रेक दाबल्यावर मोटार जेथे थांबावयास हवी, तेथे थांबत नाही.

हा विषय आता मोजक्या धनिकांपुरता उरलेला नाही. पूर्वी वापरलेली आलिशान मोटार कर्ज काढून घेणारा मध्यमवर्गीय ग्राहक बँकेच्या शाखांना नवा नाही. अशा ग्राहकाने एक साधे सत्य ध्यानात ठेवावयास हवे. पाच-सात वर्षांत मोटारीची किंमत बरीच उतरते. तिच्या टायरांची किंमत मात्र उतरत नाही. मोटार जुनी झाली म्हणून तिला स्वस्त टायर चालत नाहीत, कारण तिचे वजन, तिचा वेग आणि तिचे ब्रेक हे सारे पूर्वीचेच असते. म्हणूनच टायरांची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नसून तो सुरक्षिततेचा आणि आर्थिक नियोजनाचाही प्रश्न आहे.

हवेच्या टायरचा मूळ हेतू

हवा भरलेला टायर जन्माला आला तो वेगासाठी नव्हे, तर सुखासाठी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचे एकस्व मिळवले. गाडीची चाल सुलभ करणे आणि तिचा आवाज कमी करणे, असे दोन्ही हेतू त्याने नमूद केले होते. ती कल्पना त्या काळी मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी व्हावेत म्हणून तीच युक्ती नव्याने शोधली, आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला.

तेव्हापासून आजवर टायरकडून अपेक्षा वाढतच गेल्या. त्याने धक्के सोसावेत, आवाज करू नये, ओल्या रस्त्यावर घट्ट पकड द्यावी, वळणावर डगमगू नये, इंधन वाचवावे आणि वर्षानुवर्षे टिकावेही! या सर्व अपेक्षा एकाच टायरमध्ये पूर्णांशाने एकवटणे शक्य नाही. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते, पण लवकर झिजते. टायरची बाजू ताठ असली, तर वळणावर मोटार आज्ञेत राहते, पण खड्ड्याचा धक्का थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. प्रत्येक टायर ही अशा परस्परविरोधी गुणांची तडजोड असते. कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यावयाचे, हे मालकाने स्वतः ठरवावयाचे असते, दुकानदाराने नव्हे.

आवाज येतो कोठून?

टायरचा आवाज हा एकच आवाज नसतो. त्याचे तीन मुख्य उगम आहेत.

पहिला उगम म्हणजे टायरच्या पृष्ठभागावरील नक्षी. चाक फिरताना नक्षीचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात आणि त्यांच्यामधील खाचांत हवा क्षणभर कोंडून पुन्हा सुटते. सर्व ठोकळे एकाच लांबीचे ठेवले, तर या आपटण्यातून एकसुरी, कानाला टोचणारी शीळ निर्माण होईल. म्हणून उत्पादक ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीअधिक ठेवतात. आवाज त्यामुळे नाहीसा होत नाही, परंतु अनेक सुरांत विखुरल्याने तो जाणवत नाही. नक्षी बारीक आणि सलग असेल तर आवाज कमी. ठोकळे मोठे आणि सुटे असतील तर आवाज अधिक, असा साधारण नियम सांगता येईल.

दुसरा उगम टायरच्या पोटात आहे. टायर आणि रिम यांच्यामधील हवेची पोकळी एखाद्या वाद्यासारखी घुमते. १८ इंची रिमवरील मध्यम आकाराच्या टायरमध्ये या पोकळीचा मध्य-परिघ सुमारे पावणेदोन मीटर असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. या दोहोंचा भागाकार केला, तर सेकंदाला २०० च्या आसपास कंपने येतात. जोडावरून किंवा लहान खड्ड्यावरून जाताना मोटारीच्या आत जो पोकळ ‘ढम्म’ असा नाद उमटतो, त्यात या घुमण्याचा वाटा मोठा असतो.

तिसरा उगम म्हणजे प्रत्यक्ष रस्ता. डांबरी रस्त्यावर शांत वाटणारा टायर काँक्रीटच्या रस्त्यावर गुणगुणू लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर हा अनुभव सहज येतो, कारण हे मार्ग काँक्रीटचे आहेत आणि घसरण टाळण्यासाठी काँक्रीटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो. तेव्हा टायरला दोष देण्यापूर्वी तोच टायर दुसऱ्या रस्त्यावर कसा वाजतो, हे पाहावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचा आवाजच नसल्याने टायरचा आवाज अधिक ठळकपणे ऐकू येतो. शांततेच्या टायरांना अलीकडे मागणी वाढण्याचे हे एक कारण होय.

खर्च करण्यापूर्वी निदान

मोटार आवाज करू लागली म्हणजे टायरच बदलावयास हवेत, असे नाही. प्रथम हवेचा दाब तपासावा. तो टायर थंड असताना, म्हणजे मोटार काही तास उभी राहिल्यानंतर मोजावयाचा असतो. योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराजवळील खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. तेथे कमी प्रवाशांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा, असे दोन आकडे असतात. नेहमी एकट्याने प्रवास करणाऱ्या मालकाच्या मोटारीत पूर्ण भाराइतकी हवा भरलेली असेल, तर ती विनाकारण कडक वाटेल. उलट, दाब कमी ठेवून मऊपणा साधण्याचा मोह घातक आहे. कमी दाबाच्या टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि उन्हाळ्यात सलग वेगाने धावताना टायर फुटण्याचा धोका संभवतो.

त्यानंतर टायरच्या पृष्ठभागावरून हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागत असेल, तर टायर असमान झिजलेले आहेत. याचे कारण बहुधा चाकांची चुकलेली रेषा किंवा थकलेले शॉक अॅब्सॉर्बर हे असते. ते दुरुस्त न करता नवे टायर बसवले, तर काही महिन्यांत नव्या टायरांनाही तोच आवाज येऊ लागेल. तिसरी शक्यता चाकाच्या बेअरिंगची. सरळ रस्त्यावर येणारा घुमा आवाज मोटार किंचित डावीकडे अथवा उजवीकडे वळवताच बदलत असेल, तर संशय टायरपेक्षा बेअरिंगवर घ्यावा. अनुभवी कारागिराकडून हे निदान करून घेण्याचा खर्च नव्या टायरांच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असतो.

टायरच्या अंगावरील मजकूर

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. उदाहरणार्थ, ‘२४५/४५ आर १८ १०० वाय’. यातील २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे बाजूची उंची या रुंदीच्या ४५ टक्के, अर्थात सुमारे ११० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ हा रिमचा इंचांमधील व्यास.

त्यापुढील दोन खुणांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वास्तविक त्याच सर्वांत महत्त्वाच्या होत. १०० हा भारांक आहे. त्याचा अर्थ, हा टायर ८०० किलोग्रॅम भार पेलू शकतो. याच मापाचा ९६ भारांकाचा टायरही मिळतो, परंतु त्याची क्षमता ७१० किलोग्रॅम असते. चार टायरांचा विचार केला, तर हा फरक ३६० किलोग्रॅमचा होतो. शेवटचे अक्षर कमाल वेगाचे निदर्शक आहे. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००.

येथे एक स्वाभाविक प्रश्न विचारला जातो. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली. मग ३०० च्या क्षमतेचा टायर हवाच कशाला? उत्तर असे, की हे अक्षर केवळ वेग सांगत नाही. त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता सोसण्याची ताकद आणि त्यासाठी केलेली आतील बांधणीही ते सूचित करते. जड आणि शक्तिमान मोटारीचे सुकाणू, ब्रेक आणि स्प्रिंग त्या बांधणीशी जुळवलेले असतात. यास्तव उत्पादकाने ठरवलेल्या भारांकापेक्षा आणि वेगाक्षरापेक्षा खालचा टायर, तो कितीही मऊ आणि स्वस्त असला तरी, घेऊ नये. आराम आणि शांतता यांबाबत तडजोड करता येते; या दोन खुणांबाबत नाही.

टायरवर चार अंकी निर्मितीकालही असतो. ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. महागड्या आणि कमी खपाच्या मापांचे टायर गोदामात दीर्घकाळ पडून राहू शकतात. रबर वयानुसार कडक होते, आणि कडक रबर आवाज वाढवते व पकड घटवते. म्हणून पैसे देण्यापूर्वी चारही टायरांवरील हे अंक स्वतः वाचावेत. टायर पाच वर्षांचे झाल्यावर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनी, नक्षी शिल्लक असली तरी, बदलावेत, असा काही प्रमुख उत्पादकांचा सल्ला आहे. रविवारीच बाहेर निघणाऱ्या मोटारीचे टायर झिजण्यापूर्वी म्हातारे होतात, हे विसरू नये.

याशिवाय काही टायरांवर मोटार उत्पादकाची संमतिखूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीज-बेंझसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, तर पोर्शसाठी ‘एन’ हे अक्षर आणि त्यापुढे अंक. ही खूण असलेला टायर त्या मोटारीवर तपासून, तिच्या गरजेनुसार घडवलेला असतो. तो अनिवार्य नाही, मात्र निवडीबाबत संभ्रम असेल तेव्हा तो सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो.

मोठ्या रिमचा मोह

आराम आणि शांतता यांवर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट टायरचे नाव नसून त्याच्या बाजूची उंची होय. बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजचे, २०१० साली बाजारात आलेल्या ‘एफ-१०’ पिढीचे उदाहरण घेऊ. या मोटारीला प्रकारानुसार १७ इंची रिमवर २२५/५५, १८ इंची रिमवर २४५/४५ आणि १९ इंची रिमवर पुढे २४५/४० व मागे २७५/३५ अशी मापे दिली गेली. १७, १८ आणि १९ इंची पुढील चाकांचे बाहेरून मोजलेले व्यास अनुक्रमे ६७९, ६७८ आणि ६७९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सारखेच येतात. परंतु रस्ता आणि रिम यांच्यामधील रबराची व हवेची गादी पाहिली, तर ती अनुक्रमे १२४, ११० आणि ९८ मिलिमीटर भरते. १७ वरून १९ इंचांवर जाताना ही गादी दोन पंचमांश नव्हे, पण पाचव्या हिश्शाहून अधिक घटते.

मोठी रिम आणि सडपातळ टायर यांनी मोटार देखणी दिसते व वळणावर चपळही वाटते. पण आपल्याकडील खड्डे आणि अचानक समोर येणारे गतिरोधक लक्षात घेता, तिची किंमत कडक प्रवास, बाजूला येणारे फुगे आणि वाकलेल्या रिमा या रूपाने मोजावी लागते. म्हणून आरामाला प्राधान्य देणाऱ्या मालकाने टायर बदलताना रिमही एक इंचाने लहान करण्याचा विचार अवश्य करावा. त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, नवे माप त्या मोटारीच्या उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकीच असावे. दुसरी, लहान रिममध्ये ब्रेकचे भाग मावले पाहिजेत. याच मालिकेतील ‘एम-५’ सारख्या अतिवेगवान मोटारीचे ब्रेक इतके मोठे असतात, की तेथे १७ इंची रिम बसतच नाही. मान्यतेबाहेरचे माप बसवणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमातील बदलांवरील निर्बंधांच्या कक्षेत येऊ शकते, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तो वादाचा मुद्दा ठरू शकतो.

रन-फ्लॅट ठेवावेत की सोडावेत?

अनेक आलिशान मोटारी कारखान्यातून ‘रन-फ्लॅट’ टायर लावूनच बाहेर पडतात. हवा पूर्णपणे गेली तरी हे टायर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर अंतर चालू शकतात, कारण त्यांच्या बाजू जाड आणि ताठ असतात. हाच ताठपणा रोजच्या प्रवासात धक्क्यांच्या रूपाने जाणवतो. साधे टायर बसवताच मोटार मऊ आणि शांत झाल्याचे अनेक मालक सांगतात. ते खरेही असते.

तथापि हा बदल करण्यापूर्वी पुढचा प्रश्न विचारावा. पंक्चर झाल्यावर काय? रन-फ्लॅट असलेल्या मोटारीत पुष्कळदा अतिरिक्त चाक नसते, त्यासाठी जागाही नसते. साधे टायर घेतल्यास हवा भरण्याचा छोटा पंप, दुरुस्तीचा संच आणि शक्य असल्यास अतिरिक्त चाक यांची तजवीज करावी लागेल. ज्यांना रात्री-अपरात्री निर्जन मार्गाने एकट्याने प्रवास करावा लागतो, त्यांनी थोडा कडकपणा सोसून रन-फ्लॅट ठेवणेच श्रेयस्कर. शहरातच फिरणाऱ्यांनी साधे टायर निवडण्यास हरकत नाही. मात्र एकाच मोटारीवर दोन प्रकारांची सरमिसळ कदापि करू नये.

सुखद टायर आणि क्रीडा टायर

बहुतेक मोठे उत्पादक वेगवान मोटारींसाठी दोन स्वतंत्र घराणी बाळगतात. मिशलिनची ‘प्रायमसी’, ब्रिजस्टोनची ‘टुरांझा’, पिरेलीची ‘सिंटुराटो’, योकोहामाची ‘अॅडव्हान डीबी’ ही घराणी आराम व शांतता यांकडे झुकलेली आहेत. त्याच उत्पादकांची ‘पायलट स्पोर्ट’, ‘पोटेंझा’, ‘पी झीरो’ ही घराणी पकड आणि सुकाणूची तत्परता यांना अग्रक्रम देतात. नावांचा हा उल्लेख शिफारस म्हणून नव्हे, तर दुकानात पुढे आलेला टायर कोणत्या घराण्यातला आहे हे ओळखता यावे म्हणून केला आहे. आपली मोटार जन्मतः क्रीडा टायरांवर आली असली, तरी आपला वापर शहरातील रहदारी आणि महामार्गावरील कौटुंबिक प्रवास एवढाच असेल, तर योग्य भारांकाचा व वेगाक्षराचा सुखद टायर अधिक समाधान देईल. घाटवळणांवर मोटार चालवण्याचा आनंद ज्यांना हवा आहे, त्यांनी क्रीडा टायर घेऊन त्याचा थोडा आवाज मान्य करावा.

शांततेसाठी अलीकडे एक खास उपाय निघाला आहे. टायरच्या आतील बाजूस पॉलियुरेथेनच्या स्पंजासारख्या फेसाचा पट्टा चिकटवलेला असतो. कॉन्टिनेंटल, मिशलिन, पिरेली, गुडइयर आदी उत्पादक निरनिराळ्या नावांनी असे टायर बनवतात. हा पट्टा पोकळीतील घुमणारा नाद शोषतो. परंतु नक्षीच्या आपटण्याचा आवाज तो थांबवू शकत नाही, हे समजून घ्यावे. शिवाय अशा टायरचे पंक्चर काढताना त्या जागेचा फेस कापून काढावा लागतो आणि आतून ठिगळ लावावे लागते. रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात हे काम नीट होईलच, अशी खात्री नसते. आपल्या गावात ही सोय आहे काय, हे आधी विचारावे.

मानके आणि चिठ्ठ्या

भारतात २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार वाहनांच्या टायरांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक ठरले; मोटारींच्या टायरांसाठीचे मानक आयएस १५६३३ होय. परदेशातून वैयक्तिकरीत्या आणलेल्या किंवा बिनपावतीच्या टायरवर हे चिन्ह आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन घरंगळण्यातील विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि घरंगळण्याचा आवाज या तीन कसोट्या ‘एआयएस-१४२’ या मानकाद्वारे लागू करण्यात आल्या.

आयात टायरांवर कधीकधी युरोपीय संघाची चिठ्ठी आढळते. तिचे सध्याचे स्वरूप मे २०२१ पासूनचे आहे. तिच्यावर इंधनबचत व ओली पकड यांच्या श्रेणी आणि आवाजाचे डेसिबल दिलेले असतात. येथे एक गैरसमज टाळावा. हा आवाज मोटारीच्या आतला नसून बाहेरचा असतो. इंजिन बंद ठेवून घरंगळणारी मोटार ताशी ८० किलोमीटर या संदर्भ वेगाने जात असताना, तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटर अंतरावरील ध्वनिग्राहकाने तो टिपलेला असतो. रस्त्याकडेला राहणाऱ्यांना किती त्रास होईल, हे तो सांगतो. मागच्या आसनावर बसलेल्या आजोबांना डुलकी लागेल की नाही, हे सांगत नाही. तुलनेसाठी तो उपयुक्त आहे, कारण ३ डेसिबलची घट म्हणजे ध्वनिऊर्जा निम्मी होणे. पण केवळ त्या आकड्यावर विसंबून राहू नये. त्याच मापाचे टायर त्याच जातीच्या मोटारीवर वापरणाऱ्या परिचिताच्या गाडीत बसून अर्धा तास प्रवास करणे, ही त्याहून खात्रीची कसोटी.

चिठ्ठीवरील ओल्या पकडीच्या श्रेणीला मात्र आवाजापेक्षा अधिक वजन द्यावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. पावसाळी रस्त्यावर चांगल्या आणि सुमार टायरच्या थांबण्यातील काही मीटरांचे अंतर, पुढच्या वाहनाला धडकणे आणि न धडकणे यांमधील अंतर असू शकते.

पैशाचा हिशेब

टायरची खरी किंमत पावतीवर नसून ती प्रतिकिलोमीटर खर्चात दडलेली असते. केवळ उदाहरणादाखल समजा, एक संच ८०,००० रुपयांचा असून ४०,००० किलोमीटर टिकतो, तर दुसरा ६०,००० रुपयांचा असून २५,००० किलोमीटर टिकतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला २ रुपये, तर दुसऱ्याचा २ रुपये ४० पैसे. दुकानात स्वस्त वाटणारा संच प्रत्यक्षात महाग ठरला!

नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकाशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा आणि कराची रीतसर पावती अवश्य घ्यावी. हमीचा दावा करताना तिचीच गरज भासते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आलिशान मोटारींच्या काही मापांची टंचाई जाणवली होती. त्यातून घ्यावयाचा धडा असा, की शोध महिना-दीड महिना आधी सुरू करावा. घाईत असलेल्या ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य उरत नाही.

विम्याबाबतही स्पष्टता हवी. नेहमीच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात केवळ टायरचे झालेले नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी मोटारीचेही नुकसान झाले असेल, तर टायर बदलण्याच्या खर्चाचा निम्मा भाग मिळतो. काही विमा कंपन्या टायरसाठी वेगळे संरक्षण जादा हप्त्यात देतात. सडपातळ टायर वापरणाऱ्यांनी त्याच्या अटी वाचून निर्णय घ्यावा. ज्यांनी अशी मोटार कर्जाने घेतली आहे, त्यांनी मासिक हप्त्याबरोबरच दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकल्यास टायर बदलण्याची वेळ संकट म्हणून येत नाही. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून टायर घेणे हा सर्वांत महागडा मार्ग होय.

बसवताना आणि त्यानंतर

शक्यतो चारही टायर एकदम आणि एकाच नक्षीचे घ्यावेत. दोनच घेणे भाग पडले, तर ती एकाच धुरीवरची जोडी असावी, आणि चारही चाकांचे माप सारखे असेल तर नवे टायर मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मोटारीची मागील बाजू घसरली, तर सावरणे अधिक कठीण असते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या मोटारींत नव्या-जुन्या टायरांच्या व्यासातील फरक यंत्रणेवर ताण आणतो, म्हणून तेथे विशेष दक्षता घ्यावी. बसवतेवेळी बॅलन्सिंग व व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, हवेचे व्हॉल्व्ह बदलावेत आणि दाब दर्शवणाऱ्या यंत्रणेची नव्याने नोंद करावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर मोटार सावकाश चालवावी. नव्या टायरची पूर्ण पकड लगेच मिळत नाही.

नायट्रोजन भरण्याचा आग्रह अनेक ठिकाणी होतो. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यामुळे नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासावयाची गरज संपत नाही. महिन्यातून एकदा दाब पाहण्याची सवय कोणत्याही वायूपेक्षा अधिक हितकारक.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचांमधील लहान उंचवटे पृष्ठभागाशी समतल झाले, की ती मर्यादा गाठली असे समजावे. परंतु मुसळधार पावसात पाणी बाहेर फेकण्याची टायरची शक्ती त्यापूर्वीच बरीच क्षीण झालेली असते. म्हणून ३ मिलिमीटर नक्षी उरताच, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, बदलाचा निर्णय घ्यावा.

थोडक्यात, निवडीचा क्रम असा असावा. प्रथम आवाजाचे निदान; नंतर उत्पादकाने सांगितलेले माप, भारांक व वेगाक्षर; त्यानंतर ओल्या रस्त्यावरील पकड; मग आपल्या वापरानुसार सुखद की क्रीडा, रन-फ्लॅट की साधा, हा निर्णय; आणि सर्वांत शेवटी किंमत. हा क्रम उलटा केला, म्हणजे किमतीपासून सुरुवात केली, तर वरच्या पायऱ्यांपैकी एखादी हमखास निसटते. मोटार कितीही मौल्यवान असो, तिचा रस्त्याशी येणारा संबंध तळहाताएवढ्या चार तुकड्यांपुरताच असतो. आपला आणि आपल्या माणसांचा प्रवास त्या चार तुकड्यांवर अवलंबून आहे, एवढे ध्यानात ठेवून दुकानाची पायरी चढावी.